शेवटच्या रांगेतला टॉवेल

६ जानेवारी, मिरज
गळ्याचं ऑपरेशन झालं. स्वरतंतूवरची गाठ काढली. डॉ. म्हणाले, "आता तोंडाला कुलूप. कुजबुजसुद्धा नाही, तिनं जास्त ताण येतो." उभं आयुष्य नाटक-सिनेमात बोलून पोट भरलेल्या बाईला हे सांगणं म्हणजे... असो. बोलायची बंदी, म्हणून लिहायची हौस.
मुमताज उशाशी. माझ्या साड्या, केस, डबे, औषधं, भांडणं, सगळं वर्षानुवर्षं तिच्याकडे. मूळची इथलीच, मिरजेची. तिचे वडील नाटक कंपन्यांचे पडदे शिवायचे. मी पाटीवर लिहिते, "पाणी." ती माझ्या कानाशी वाकून कुजबुजते, "देते, बाई." अगं, मुकी मी झालेय, तुला काय झालं?

८ जानेवारी
शेजारच्या खाटेवर कवठ्याकडची बाई. काल दिवसभर नुसती टक लावून. आज धीर झाला.
"तुमी मालिकेतल्या आत्याबाई न्हवं?"
मान हलवली. झालं! "आवं, त्या सुनंला सुखानं नांदू द्या की. तिचं सोन्याचं डाग लपवलं, नवऱ्याचं कान भरलं. काय मिळतंय तुमास्नी?"
मु. मध्ये पडली. "त्यांला बोलायची बंदी हाय."
"बंदी? देवानं बरोबर जाग्यावर बोट ठेवलं बघा!"
हसायलाही बंदी आहे, तरी हसले. संध्याकाळी तिच्या सुनेनं घरून डबा आणला. बाईनं आधी माझ्यापुढे वाटी सरकवली. "मऊ भात हाय, दूध घालून. आत्याबाई असलात म्हणून काय उपाशी ठिवायचं?"
पुरस्कार बरेच मिळाले. पण शिव्या देऊन वर जेवू घालणारा प्रेक्षक मिळाला, आता आणखी काय मागू?

१२ जाने., सातारा
घरी. गाठीचा रिपोर्ट आला. फोन मु.नं घेतला. ऐकता ऐकता खाली बसली. मग म्हणाली, "वंगाळ काय न्हाई, बाई. साधी गाठ."
दोघी रडलो. मी आवाज न करता. देवा, फार उपकार झाले तुझे.
पण आवाज पूर्वीसारखा येईल का, याला डॉ. म्हणतात, "ते तुमचा गळाच सांगेल." आणि १५ फेब्रु.ला सांगलीत आमचं नाटक पुन्हा उभं राहतंय. पडदा उघडतो, रिकामी खोली, आणि आत, विंगेतून, माझं वाक्य: "दार उघडं का टाकलंय रे?" प्रेक्षकांना तोंड नंतर दिसतं, आवाज आधी जातो. तोच नसेल तर?
दिग्दर्शकाचा मेसेज: "ताई, काळजी नको, कॉलर माइक आहे." गुणी पोरगा. उत्तर टाकलं, "माइक आवाज मोठा करतो रे. नसलेला आणून देत नाही."

१४ जाने.
संक्रांत. आळीतल्या बायका तिळगूळ द्यायला आल्या. "गोड गोड बोला" म्हणायच्या आणि जीभ चावायच्या. शेवटी एकीनं तोडगा काढला, "तिळगूळ घ्या, गोड गोड ऱ्हावा!"
मालिकेच्या लेखकाचा फोन. आत्याबाईंना त्यानं मौनव्रत दिलंय. म्हणजे पुढच्या आठवड्यात सेटवर जाऊन नुसते डोळे वटारायचे. माझं काम जाऊ नये म्हणून त्या मुलानं सगळी गोष्ट वळवली. कोण करतं एवढं?

२० जाने.
मौनव्रताचं शूटिंग. डोळे वटारून वटारून दुखले.
आज अण्णा, माझे वडील, फार आठवले. माझं पहिलं नाटक कराडजवळ आमच्या गावच्या जत्रेत. अण्णा फौजेतून सुटीवर आलेले. माइक कुठला! खांद्यावर टॉवेल टाकून पार शेवटी, बैलगाड्यांपाशी जाऊन उभे राहिले. आधी बजावलं होतं, "ऐकू आलं की टॉवेल वर करीन. न्हाई केला तर वरडायचं न्हाई. पोटातनं बोलायचं."
पुढे मी सिनेमात गेले. आधी नायिकेची मैत्रीण, मग बहीण, मग एकदम आईच. नायिका राहूनच गेली, त्याचं दुःख नाही. आई फार दिवस टिकते. नाटकाचे दौरे मात्र सोडले नाहीत, आणि अण्णांनंतर टॉवेल घेऊन शेवटच्या रांगेत मु. उभी राहायची. खंडाळ्याला उघड्या मैदानावर वारा सुटलेला, पहिला अंक संपेपर्यंत टॉवेल खालीच. आत येऊन तिच्याशी भांडले. म्हणाली, "ऐकूच न्हाई आलं तर कशाला हलवू? खोटा टॉवेल मला जमत न्हाई."
दुसऱ्या अंकात पोटातून बोलले. टॉवेल वर.
कॉलर माइक आले आणि तिचं ते काम सुटलं.

२८ जाने., मिरज
डॉ.नी नळी घालून पाहिलं. जखम भरलीय. थोडं थोडं बोलायची परवानगी. पहिला शब्द काय काढावा याचा आठवडाभर विचार केला होता, देवाचं नाव वगैरे. ऐन वेळी तोंडातून आलं, "मुमताज."
आवाज कसला, गिरणीत खडा सापडावा तसा. ती पदर तोंडाला लावून रडली. मग म्हणाली, "आजवर माझं नाव इतकं वंगाळ कुणी घेतलं न्हवतं."

६ फेब्रु., सातारा
रोजचा व्यायाम चालू. बोलणं येतं, पण खालच्या पट्टीत. जरा वर नेलं की नाटकातलं ते पहिलं वाक्य 'टाकलंय'वर तुटतं. रोज तिथंच.
दिग्दर्शकानं दुसऱ्या एका अभिनेत्रीला तयार राहायला सांगितलंय. बरोबरच केलं, तिकिटं विकून बसलोय. तिचा फोन आला. "ताई, मी पाठ करतेय, पण रोज देवाला सांगते, माझी गरज लागू नये म्हणून." भूमिका ओढून घेणाऱ्या बायकांत मी वाढले. आजच्या पोरी चांगल्या आहेत गं.
१४ला सांगलीत ऐकून ठरवायचं. मला लपवायचं नाही, भीती वाटते. आवाज गेला तर मी कोण, हे मला खरंच माहीत नाही.

१४ फेब्रु., सांगली
सकाळी निघालो. कराडपासून उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडत. गाडीत वाक्य म्हणून पाहिलं. तुटलं.
नाट्यगृह रिकामं. माइक बंद ठेवायला सांगितले. दिग्दर्शक मधल्या रांगेत हात जोडून, "ताई, जसं येईल तसं." मु. पिशवीतून टॉवेल काढून शेवटच्या रांगेकडे निघाली, खुर्च्यांना धरत, गुडघे सांभाळत.
मी विंगेत. पायाखालच्या फळ्यांना हात लावून कपाळाला लावला. श्वास घेतला. फटीतून पाहिलं, तर टॉवेल वर!
मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.
जन्मात खोटा टॉवेल न हलवलेली बाई! अशी तिडीक गेली डोक्यात. तशीच रंगमंचावर आले.
"मुमताज! टॉवेल खाली घे! अजून बोलले नाही मी!"
मागच्या अंधारातून आलं, "मग आत्ता कोण बोललं? आलं की ऐकू!"
दिग्दर्शक हसायला लागला आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. मी तिथंच उभी. जाडाभरडा, कडेला फाटलेला, पण गेला होता आवाज. पोटातून गेला होता.
परत विंगेत जाऊन वाक्य म्हटलं. 'टाकलंय'वर चिरकला, तुटला नाही. या वेळी टॉवेल जरा थांबून वर आला. थांबला, म्हणून मला खरा वाटला.
उद्या मीच करायचं ठरलं. दोन अंक गळा टिकेल का, दुसऱ्या अंकातल्या भांडणाला पुरेल का, कुणालाच माहीत नाही. ती दुसरी अभिनेत्री तिची साडी घेऊन विंगेत थांबणार आहे, मीच थांब म्हटलंय.
मु. आत्ता माझ्या साडीला इस्त्री करतेय. तिला उद्याचा पहिल्या रांगेचा पास दिला. आयुष्यभर मागं उभी राहिलीस, एकदा तरी खुर्चीत बसून बघ म्हटलं.
पास उलटसुलट करून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला.
"ह्यो कुणाला तरी द्या, बाई. फुडं बसून मला काय कळायचं?"