अर्ज परत पाठवते

प्रिय धम्मशीला,

जयभीम. तू धाडलेला तक्रारीचा अर्ज तुझ्या काकानं वाचून दाखवला, छापलेलं बारीक अक्षर मला दिसत न्हाई. सिद्धोधन वाचतो कमी अन् शिव्या जास्त घालतो, म्हणून दोनदा वाचायला लावला. छातीत दुखायला लागल्यावर तासाभरात आणलेला माणूस शिकाऊ डॉक्टराच्या हाती दिला म्हणून गेला, असं तू लिवलंस. खाली माझ्या सहीला जागा सोडलीस. सही केली की त्या आदिनाथ डॉक्टराचं शिकणं थांबंल म्हणं.

तुझे आजोबा जाऊन अठरा दिवस झाले. मला रडू येईना. बाया येतात, त्याच रडतात, मी चहा ठेवते.

तू बी नांदेडला इमर्जन्सीतलंच शिकायलीस. मागं घरी आलीस तवा उशीवर छाती दाबून दाखवली होतीस. आधी रबरी बाहुलीवर, मग मोठ्या डॉक्टरासमोर माणसावर. त्यांना पटलं तर वहीत सही, तवाच एकटीनं करायचं. मी म्हणले, भवाने, उशी फाडशील. त्या दिवशी दवाखान्यात हा आदिनाथ बी तसाच. घामानं भिजला होता, तरी तुझ्यावानी मोठ्यानं आकडे मोजत होता. मागं त्याची मोठी डॉक्टरीण कागद घेऊन उभी. मला वाटलं, आमच्या म्हाताऱ्यावर परीक्षा घ्यायलीय, हिच्या कानाखाली काढावी. पण तिनं कागद ठेवला, दोनदा त्याचे हात नीट बसवले, मग सोता बी दाबलं. नंतर तो माझ्यापाशी फरशीवर येऊन बसला अन् म्हणला, आजी, आजोबा वारले. गुळमुळीत काही न्हाई. पाणी आणून दिलं. तुझ्या हाताखाली बी कोणाचा तरी म्हातारा पहिल्यांदा आलाच असंल की.

अर्ज परत पाठवते. सही केली न्हाई. दवाखान्यात पोचल्या पोचल्या त्यानं मला इचारलं होतं, कधीपासून दुखतंय. मी म्हणले, दोन वाजल्यापासून. त्यानं तसंच लिवून घेतलं, तू तेच धरून बसलीस. दुखत होतं सकाळी सातपासून. सिद्धोधन रानात होता. मी ओवा दिला, शेकलं, गॅस धरलाय म्हणले. वरून त्यांनाच बोलले, जरा कुठं दुखलं की दवाखाना लागतो तुमाला. तो पोरगा रागवंल म्हणून खोटं बोलले, दुसरं काही न्हाई. सिद्धोधनला आज सांगते. तू त्या डॉक्टरीणबाईला फोन करून सातची वेळ सांग. मग माझ्याशी बोलायचं का न्हाई ते तू ठरव.

तुझीच आजी,
कडूबाई
झरी