डावा खांदा, दोन टाळ्या

शनिवार, हळदीहून आल्यावर

बँजोवाल्यांना ते इंग्लिश गाणं मीच पाठवलं होतं. मागे लागून बसवून घेतलं. शाळेत असताना मी आणि धाकटी शलाका एकेक इअरफोन कानात घालून त्यावर नाचायचो. शब्द कळत नव्हते, पण त्या वर्षी लालबागच्या मिरवणुकीतही तेच वाजत होतं. डावा खांदा, दोन टाळ्या, मग गिरकी. स्टेप्स माझ्या. जिची हळद आधी, तिच्या हळदीत दोघींनी नाचायचं, असं ठरलं होतं.

आज तिची हळद. चाळीच्या पटांगणात गाणं सुरू झालं, मी ओढणी खोचली आणि आईने हात धरला. "तू नको. मोठी तशीच राहिली म्हणून लोक आधीच बोलतायत. त्यात नाचलीस तर हसतील. सरबताकडे बघ."

बघितलं सरबताकडे. अजून काय करणार?

शलाका होणाऱ्या नणंदेला घेऊन नाचली. तिथल्या तिथे शिकवत होती. डावा खांदा, दोन टाळ्या. नणंद दर वेळी उजवा खांदा उडवायची आणि सगळे कौतुकाने ओरडायचे. टेबलामागे माझे पाय चालूच. मूर्ख पाय.

शलाकाने एकदा हाक मारली असती, तर आईचा हात झटकून गेले असते. गेले असते ना?

गाणं संपल्यावर ती धापा टाकत माझ्याकडे आली. वाटलं, आता काहीतरी बोलेल.

"ताई, दोन ग्लास दे पटकन. पुढचं सुरू होतंय."

दिले. तिच्या ग्लासात बर्फ जास्त टाकला, तिला लागतो तसा.