बांधावरची ओली पावलं

२ मार्च
आलो एकदाचे. घर लहान, पण खिडकीबाहेर स्वतःचं तळं. सामान उतरायच्या आधी ह्यांनी होडी शोधून काढली. साठी उलटली तरी पाण्याचं वेड काही सुटत नाही. ओढ्याला मातीचा बांध घालून आधीच्या मालकाने हौसेनं अडवलेलं हे पाणी. बांधावर तीन मोठी झाडं. पलीकडे, खालच्या अंगाला, शिवणकाम करणाऱ्या बाईंचं घर. त्या, त्यांची म्हातारी आई आणि सात वर्षांची मुलगी. तिला मी चिमणी म्हणते, कारण तोंड बंद म्हणून नसतं.

९ मार्च
बांध तपासणारा इंजिनीअर येऊन गेला. म्हणाला, बांध तुमच्या नावावर झालाय, तेव्हा खालच्या घराची काळजीही तुम्हालाच. झाडं परस्पर तोडायची नाहीत. मुळं आत कुजली की मातीत पोकळ्या पडतात आणि पाणी त्यातून वाट काढतं. बाहेरच्या उतारावर ओल दिसली तर लगेच कळवा. गढूळ पाणी आलं तर समजा आतली माती वाहतेय, तळं रिकामं करायची झडप उघडा आणि खालची माणसं आधी हलवा. मी मान डोलावली. हे होडी रंगवत होते.

१७ मे
ह्यांना अर्धांगाचा झटका येऊन महिना झाला. डावा पाय फरपटत चार पावलं टाकतात, बाकी अंथरूणच. पलंगावरून पाणी दिसत नाही, झाडं आड येतात, एवढंच एक गाऱ्हाणं. आज तिन्ही झाडं तोडून घेतली. इंजिनीअरला कळवलं नाही. हे दिवसभर पाणी बघत होते. मला दुसरं काय करता येणार होतं?

२० ऑगस्ट
हे गेले. पाण्याकडे बघता बघता गेले.

५ जुलै, दोन वर्षांनी
इतके दिवस वही उघडवली नाही. आज सकाळी बांधाच्या बाहेरच्या उतारावर, तोडलेल्या बुंध्याखाली ओल दिसली. तिथून निघालेली ओली पावलं. उजवं स्पष्ट, डावं फरपटलेलं. ती चाल मी नाही ओळखणार तर कोण ओळखणार.

११ जुलै
पावलं रोज चार हात खाली जातात. इंजिनीअरला फोन करायला हवा, कळतंय. पण तो तळं रिकामं करायला लावणार. मग हे कुठून येणार? झिरपणारं पाणी स्वच्छ आहे. अजून आठवडाभर. चिमणीनं विचारलं, आजी, इथं रोज कोण फिरतं. तिला घरी पिटाळलं.

१८ जुलै, सकाळ
पावलं शिवणवाल्या बाईंच्या दारात. माझ्या घराकडे एकही नाही — आणि झिरपणारं पाणी गढूळ. काय करून बसले मी.

१८ जुलै, दुपार
झडप उघडली, पण पाणी हळू उतरतंय. इंजिनीअर निघालाय. खाली येऊन बाईंना सगळं सांगितलं, झाडांचंही. त्यांनी लगेच स्कूटर काढली. आईला आणि चिमणीला मागे बसवून घेऊन गेल्या. चौथ्याला जागा नव्हती. परत येऊ नका म्हटलं, मी चालत येते — हे गुडघे, ही चढण — बाईंच्या दारातच बसलेय. वही पिशवीत होती म्हणून —

वर माती घसरल्याचा आवाज —

उंबऱ्याच्या आत ओलं पाऊल. उजवं. मग डावं, फरपटत. म्हणजे रोज इकडे येत होते ते — शेवटी मी इथंच असणार, हे त्यांना ठाऊक — बरं झालं, पोर सुटली. अहो, हात द्या, मला उठवत —