नाक कोणाचं?

पोंभुर्णा, चैत्र १९५६. बुधवार, दिवेलागण.

आज शेजारची सरूबाई माहं नवं नाक पाहाले आली. म्हणे, "बरं झालं बाई, आता कोणी म्हणणार नाई का नवऱ्यानं कापलं म्हणून." सासूबाई हासल्या. म्हणजे एवढं सगळं याच्यासाठी केलं?

मागच्या चैत्रात मोहाचे फुलं वेचतानी अस्वलानं मले ओरबाडलं, नाकाचं हाड बसलं. गावाले माहीत आहे. पण परगावचे लोक काय समजतील, याचीच माह्या मालकाले धास्ती! म्हणून नागपूरले नेलं, डॉक्टरनं नाकात प्लास्टिकची पट्टी बसवली. अजून ठणकून राह्यलं. आंगणात मोह वाळून राह्यला, अन् मले वास येत नाई. मोडक्या नाकाले तं येत होता!

आता हे घरी आल्यावर यायले म्हटलं, "मले मोहाचा वासच येत नाई. ते पट्टी काढून टाकू."

"मंग लोकाइले काय सांगू?"

"अस्वल सांगा. खरं तेच सांगा ना!"

"वासाचं काय घेऊन बसली? चारचौघांत माहं नाक तं राह्यलं."

माहं नाक म्हणे! मंग ठणकते मले काऊन?