बाकीचं बाळ

दि. ६ फेब्रुवारी

चि. टिल्लूस ताईचे अ. उ. आ.

इकडे सगळं ठीक, असं दरवेळी लिहिते, तसं आज लिहवत नाही. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी झाली. बाळाचा डावा हात कोपराखाली नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पुन्हा पाहिलं. पुढे काय बोलल्या ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. जनुकांच्या तपासणीचा रिपोर्ट सोबत पाठवतेय.

सासूबाईंनी घरात पाऊल टाकताच विचारलं, की गेल्या महिन्यात शिडीवर चढून खोली रंगवायला कुणी सांगितलं होतं. हे मध्ये पडले. त्या खोलीचं दार मी लावूनच घेतलंय गं.

तू इतकी वर्षं प्रयोगशाळेत कोंबडीच्या अंड्यांत डोकं खुपसून बसलीस. बाबा तुला अंडेवाली म्हणायचे. मग आता उपयोगाला ये. मी केलंय का हे? उगाच समजूत घालू नकोस. लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर धाड.

तुझी ताई


दि. १५ फेब्रुवारी

ति. ताईस टिल्लूचा शि. सा. न.

नाही. तू केलेलं नाहीस. आधी हे दोनदा वाच, मग पुढचं.

आम्ही अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडतो. आत पिल्लाच्या कुशीला पंखाची मोहरीएवढी कळी फुटलेली असते. ती कुठे फुटायची हे एक जनुक सांगतं. टोकाची कड तिला वाढत राहा म्हणते. कुठलं बोट कुठे, हे मागच्या बाजूचं दुसरं जनुक ठरवतं. कडेचं काम लवकर थांबलं, की पंखही तिथेच थांबतो. माणसातही असंच, आणि तिसरा महिना सरता सरता हाताची आखणी पुरी झालेली असते. शिडी आली चौथ्यात. मीच सुट्टीला आले होते, विसरलीस? छताजवळची पट्टी मी रंगवली, तुझा ब्रश पोचेना म्हणून. सासूबाईंना हे खुशाल वाचून दाखव.

मग का झालं? माहीत नाही, ताई. रिपोर्टात काही सापडलेलं नाही. आयुष्य या कामात घातलं आणि तुला उत्तर देता येत नाही, याचं फार वाईट वाटतं.

आमच्याकडे खिडकीतून फक्त पंख बघायचा, मोजायचा, की झालं. काल तुझं पत्र वाचून एका आखूड पंखाच्या पिल्लाचं बाकीचं अंग बघत बसले. इवलंसं हृदय नीट धडधडत होतं. इतक्या वर्षांत मी असं कधी बघितलंच नव्हतं गं. तूही पुन्हा जा आणि बाकीचं बाळ दाखवा म्हण. आगाऊपणा वाटला तर कान पिळ, पण माया कमी करू नकोस.

तुझी टिल्लू


दि. २८ फेब्रुवारी

चि. टिल्लूस अ. उ. आ.

जाऊन आले. डॉक्टरीणबाईंनी सवयीने यंत्र डाव्या हाताकडे नेलं. मी म्हटलं, तो राहू द्या, बाकीचं दाखवा. त्या थबकल्या, मग एकेक दाखवत गेल्या. कणा, पाय, ओठ. नाक आपल्यासारखंच पसरट आहे मेलं! उजव्या हाताने गाल चोळत होतं. मग चक्क जांभई दिली. हे खुर्चीत बसून हमसाहमशी रडले आणि मला हसू आलं.

दुःख गेलेलं नाही. भाजी चिरताना मध्येच डोळे भरतात. पुढे पोराला काय काय ऐकून घ्यावं लागेल, या विचाराने जीव तुटतो.

सासूबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. काल शेजारणी येणार, तर हळूच विचारू लागल्या, की लोकांना काय सांगायचं. मी म्हटलं, सांगा, बाळ येतंय. बायका आल्या तेव्हा त्यांनी तेवढंच सांगितलं आणि सगळ्यांदेखत माझ्या पोटावर हात ठेवला.

आम्हां मायलेकरांवर लोभ असू दे.

तुझी ताई