शिंपिणीचं घड्याळ

४ मार्च

शिंपिणीच्या मुलानं परदेशातून घड्याळ पाठवलं. काटे नाहीत, टिकटिक नाही. वेळ बघायची तर मनगट झटकायचं. पण वेळ सांगणं हे त्याचं कामच नाही! आई किती चालली, किती झोपली, नाडी कशी — सगळं तिकडे मुलाच्या फोनवर. पडली तर आपोआप त्याला फोन जातो म्हणे.

मी म्हटलं, ‘अगं, हे घड्याळ आहे की चहाडखोर नणंद?’

शिंपीण खूश. दिवसभर बाही वर सारून बसली होती. भिंतीला भिंत लावून मी इतकी वर्षं राहते, तिच्या मशीनची खडखड ऐकत — मला नाही कधी कोणी विचारलं, आई कशी आहे म्हणून.

७ मार्च

रोज चार ओळी लिहायच्या म्हणजे अक्षरं गंजत नाहीत. शाळा दुसरीत सुटली, बाकीचं म्हातारपणी प्रौढवर्गात. म्हणून शिंपीण मला मास्तरीण म्हणते — नापास मास्तरीण.

आज सुनेनं शेजारच्या खोलीतून फोनवर लिहून पाठवलं — जेवायला या. चार पावलं यायला हिचे पाय मोडतात! मीही फोनवरच लिहिलं — मेले. तेव्हा धावत आली.

१२ मार्च

शिंपिणीच्या मुलाचा फोन. मी समोरच बसले होते. ‘आई, तू दिवसभर बसूनच असतेस. सगळं लाल दिसतंय इथे.’

‘अरे, बसून कुठे? मशीन चालवते ना पायानं!’

‘ते घड्याळात येत नाही, आई.’

याच पायांनी लोकांच्या विजारी, गणवेश शिवून ह्या बाईनं त्याला परदेशात पोचवला. ते घड्याळात येत नाही!

मग म्हणाला, असंच राहिलं तर पुढच्या महिन्यात येतो आणि तुझी सोय लावतो. सोय म्हणजे वृद्धाश्रम. फोटोही पाठवले. पांढऱ्या चादरी, भिंतीला दांडे, ओळीनं खाटा. शिंपिणीनं फोटो डोळ्यांजवळ धरले, लांब धरले, आणि एवढंच विचारलं — ‘ह्यात मशीन कुठे ठेवायचं गं?’

१३ मार्च

घड्याळ तिच्या घोट्याला बांधलं. अक्कल माझी. दिवसभर मशीन दणादण. संध्याकाळी मुलाचा घाबरा फोन — आई, तू पळत होतीस का कुठे?!

दोघी तोंड दाबून हसलो. फार दिवसांनी. पोटात कळ आली.

१५ मार्च

उपाय सापडला. मी नाहीतरी रोज बागेत फिरते. तिचं घड्याळ माझ्या हातात. तू शीव, मी चालते. तुला इथून हलवतो कोण बघू!

काढताना तिचं मनगट हातात आलं. नाडी — टप, टप, मध्येच गप्प. मग पुन्हा टप. मी दचकले. ती म्हणाली, ‘जन्माची तशीच आहे. मधला टाका सुटतो. शिवण टिकली ना इतकी वर्षं?’

२२ मार्च

सगळं हिरवं झालं म्हणे! मुलानं अंगठ्याचं चित्र पाठवलं. शिंपिणीनं ते मला तीनदा दाखवलं.

५ एप्रिल

तो येत नाही आता. आकडे छान आहेत, घाई कशाला, पुढच्या वर्षी बघू. फोनही करत नाही. पूर्वी रागवायला तरी करायचा. आता सकाळी अंगठा, संध्याकाळी अंगठा. अंगठाबहाद्दर मेला!

मी म्हटलं, जिंकलो की आपण. ती काज करत होती. दोरा दातानं तोडला.

९ एप्रिल

भांडण झालं. शिंपीण म्हणाली, ‘दोन दिवस ते घड्याळ खिळ्याला टांग. लाल झालं की येईल तो.’

‘येईल आणि उचलून नेईल.’

‘नेऊ दे. तोंड तर दिसेल.’

‘आणि मशीन?’

‘तुला मशीनची पडली आहे की तुझी?’

हे लागलं मला. कारण खरं होतं. ती गेली तर भिंतीपलीकडे काय राहील — नवा भाडेकरू आणि त्याचा टीव्ही. माझ्या घरात सगळे आहेत आणि बोलायला कोणी नाही. हे तिला माहीत आहे, म्हणून तर बोलली.

मी तणतणत उठले. बागेत रोजच्यापेक्षा जास्तच फेऱ्या मारल्या. मुद्दाम.

१४ एप्रिल

शिंपिणीचे पाय सुजलेत. बोट दाबलं की खळगा राहतो. दोन वाक्यं बोलली की धाप. म्हटलं, चल दवाखान्यात. ‘नको. तिथलं सगळं त्याच्या फोनवर जातं. घड्याळ म्हणणार ठणठणीत, डॉक्टर म्हणणार आजारी. मग आपलं बिंग फुटेल.’

आता तिलाही बिंग फुटायला नको आहे. मुलासमोर खोटी पडायची लाज. खोटं माझं, लाज तिला.

उद्या समजावते पुन्हा.

१९ एप्रिल

मशीन आज दुपारी सुरू झालं. थोडा वेळच.

२१ एप्रिल

लिहिते. नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी निघताना भिंतीपलीकडे आवाज नव्हता. वाटलं, पडली असेल, पडू दे जरा. बागेत गेले. ऊन चढेपर्यंत चालले. तिच्या नावानं चालले! आल्यावर दार वाजवलं. ओ नाही. किल्ली माझ्याकडे असते.

मोरीच्या उंबऱ्यात पडली होती. एक हात पुढे, कशाला तरी धरायला जावा तसा. डाव्या मनगटाकडे आधी लक्ष गेलं माझं. मोकळं.

आणि मग मी काय केलं — माझ्या हातातलं घड्याळ सोडलं आणि तिच्या हाताला बांधलं. का? सुनेला हाक मारायच्या आधी, अंगावर चादर घालायच्या आधी, हे सुचलं मला. चोरानं चोरीचा माल जागेवर ठेवावा तसं. पट्टा घट्ट लागेना, तिचं मनगट कधी एवढं बारीक झालं कळलंच नाही.

सून येते न येते तोच शिंपिणीचा फोन वाजला. महिन्यात पहिल्यांदा. मी उचलला.

‘मावशी? आईची नाडी दिसत नाहीये.’

२२ एप्रिल

डॉक्टर म्हणाला, पडल्या सकाळीच. लगेच कळलं असतं तर कदाचित.

कदाचित. केवढा मोठा शब्द आहे!

सून शेजारणींना सांगत होती — बघा, घड्याळानं लगेच कळवलं हो, केवढी सोय झाली आहे!

२४ एप्रिल

मुलगा आला. केस पिकलेत त्याचे. मला वाटत होतं अजून तोच, काजाचे दोरे वेचणारा. मशीनच्या पायडलवर हात ठेवून बसून राहिला.

लोक आले की फोन काढून दाखवतो. ‘शेवटच्या दिवशीही चालत होती माझी आई.’ लोक माना डोलावतात. मी भिंतीला टेकून ऐकते. आयुष्यभर ज्या जिभेनं कोणाला सोडलं नाही ती टाळूला चिकटली आहे.

चहा द्यायला गेले तर त्याची नजर माझ्या मनगटावर. हात उन्हानं रापलाय, पट्ट्याएवढीच जागा गोरी. मी बाही ओढली. त्यानं कप घेतला.

२६ एप्रिल

सांगून टाकायचं. उद्या जाणार आहे तो. शिव्या देईल, देऊ दे. मारलं तरी चालेल.

२७ एप्रिल

सांगितलं. दारातच. तो बॅग खाली ठेवून म्हणाला, ‘माहीत होतं, मावशी. लहानपणी तिच्या छातीवर डोकं ठेवून झोपायचो मी. तिची नाडी मध्येच थांबते. सगळं हिरवं झाल्यापासून घड्याळातली कधी थांबलीच नाही.’

‘मग आला का नाहीस रे?’

‘वाटलं, कोणीतरी आहे तिच्याजवळ.’

होते की. बागेत.