हेगर्टी सरांचा मेगर

मी, कुमारी अंजना आबा बनसोडे, वय ७७, धंदा जळालेल्या विजेच्या मोटारींचे वाइंडिंग (नवी तार भरणे), राहणार कडेगाव, जिल्हा सांगली, माझ्यामागे कोणी काय न्यावे हे येथे लिहून ठेवते. कोणाच्या धाकाने किंवा गोड बोलण्याने हे लिहिलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. ते डॉक्टर मला जरा घाईत वाटले, म्हणून विट्याच्या दुसऱ्या डॉक्टरांचाही दाखला जोडला आहे.

१. मी गेले असे कोणी सांगितल्यास आधी दोन डॉक्टरांना दाखवावे. मगच बौद्ध पद्धतीने अंत्यविधी करावा.

२. बँकेतील ठेव आटपाडीच्या विहारातील वाचनालयाला द्यावी. पुस्तके खरोखर आली का, हे माझ्या दुकानातल्या आम्रपालीने स्वतः जाऊन बघावे. फोटो पाठवलेला चालणार नाही.

३. कडेगावातील माझे वाइंडिंगचे दुकान, सर्व हत्यारांसह, आम्रपालीला द्यावे. ती नात्यातली नाही. अठरा वर्षे माझ्या हाताखाली आहे आणि एवढ्या वर्षांत तिने तांब्याच्या तारेचा तुकडाही घरी नेला नाही. मी रोज संध्याकाळी भंगार तोलत होते, म्हणून हे खात्रीने लिहिते.

४. हेगर्टी सरांचा मेगर. मेगर म्हणजे हाताने दांडा फिरवला की मोटारीतून वीज गळते का, हे सांगणारी पेटी. ती कोणाला, ते कलम ७ मध्ये आहे. आधी ती कोणाची, हे माहीत असावे.

डोनल हेगर्टी हे आयर्लंडातल्या कॉर्कजवळच्या खेड्यातले इंजिनिअर. १९५९ साली धरणावर वीजयंत्रे बसवायला आले. काम संपल्यावर बाकीचे गोरे बोटीने परत गेले, हे राहिले. उंब्रजला हायवेलगत पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी मोटारदुरुस्तीचा वर्ग काढला. ते का राहिले, हे कोणालाच कळेना. कोणी म्हणे हेर आहे, कोणी म्हणे तिकडे खून करून आलाय. सर अशांनाही चहा पाजत आणि काहीच नाकारत नसत.

१९६६ साली माझे वडील आबा मला तिथे घेऊन गेले. आम्हाला बौद्ध होऊन दहा वर्षे झाली होती. आबांनी शेडच्या दारातच बजावले, "सायेब, पोरीला शिकवा, पर तुमचा धर्म तिच्या गळ्यात घालू नगा. एक आत्ताच सोडलाय."

सात वर्षांत इथलीच बोली उचललेले सर म्हणाले, "आबा, मला माझाच पेलत न्हाई. तुमाला कुठनं देऊ?"

आबा घरी पोचेपर्यंत म्हणत होते, "लय गोड बोलतोय. ध्यान ठेव."

वर्षाच्या शेवटी सरांनी प्रत्येकापुढे एकेक मोटार ठेवली. "मी तपासलीया. तू निस्ती सही कर," म्हणाले. आम्ही अकरा जण होतो, अकराही जणांनी सही केली. गुरूवर संशय कसा घ्यायचा? आणि प्रत्येक मोटारीत सरांनी आपल्या हाताने दोष घालून ठेवला होता. सगळे नापास.

मी रडत म्हणाले, "सर, तुमीच सांगितलंत की!"

"मी सांगितलं म्हणून काय झालं? मेगर कशापायी ठेवलाय हितं?"

त्या दिवसापासून मी कोणावर विश्वास ठेवला नाही. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसले. मोटार उघडली, पाच वेळा मेगर लावला, तीन तास गेले, दोष सापडेना. सर शेजारी बसून पेपर वाचत होते. शेवटी म्हणाले, "अगं, त्यात कायबी न्हाई. तपासलंस न्हवं? मग आता मान. मानता यावं म्हणूनच तपासायचं असतंय."

मला वाटले, ही दुसरी युक्ती असणार. आणखी एक तास तपासले, तेव्हा सही केली.

सर १९९८ साली सांगलीला वारले. त्यांना तिथेच दफन केले. मेगर ते मला देऊन गेले. त्यांची ट्रंक मीच उघडली. आत लोकरीचा स्वेटर, आईची पत्रे आणि आमच्या सगळ्या वर्गांच्या हजेऱ्या निघाल्या. दुसरी एखादी ट्रंक कुठे तरी असावी असे मला अजून वाटते. सापडल्यास उघडून पाहावी.

५. उंब्रजचा दादासो माझ्या वर्गात होता. मी सरांच्या दयेने पास झाले, असे त्याने गावभर सांगितले. त्याला काही नाही. जिवंत असल्यास हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे, कारण त्याला कमी ऐकू येते.

६. माझा भाचा कपिल दोन वर्षांपूर्वी पुण्याची नोकरी सोडून माझ्याकडे राहायला आला. आत्याची काळजी वाटते म्हणाला. मला ती काळजी घराची वाटली. मार्चमध्ये तो टेप घेऊन न्हाणीघराची भिंत मोजताना सापडला, तेव्हा ठरवले, याला मेगर लावायचा.

दुकान आम्रपालीचे, हे मी त्याला वर्षभर सांगत होते. वकिलांकडून मृत्युपत्राचा खोटा मसुदा करून घेतला आणि दुकानाच्या कलमात मुद्दाम कपिलचे नाव घातले. "मी तपासलंय, तू निस्ती नजर टाक, उद्या सह्या करू," म्हणाले. तो गप्प बसला असता, तर दुसऱ्या दिवशी त्याची बॅग दाराबाहेर होती.

त्याने वाचले आणि म्हणाला, "आत्या, चुकलंय गं. दुकान आम्रपालीचं न्हवं? हितं माझं नाव पडलंय. वकिलांना फोन लावू का?"

मला खरे वाटेना. आम्रपालीने पढवले असेल म्हणून तिला आडून विचारले. तिला पत्ताच नव्हता. वकिलांनी फोडले असेल म्हटले, तर तेही नाही. मग न्हाणीघरात गेले. त्याने मोजले होते तिथेच भिंतीला धरायला लोखंडी दांडी बसवली होती; रोज दिसे, पण संशयापोटी मी तिला कधी हात लावला नव्हता. माझे गुडघे आता वाकत नाहीत. दांडीला सगळा भार टाकून लोंबकळून पाहिले. हलली नाही. मला माझीच लाज वाटली.

७. राहते घर कपिलला द्यावे. मेगर आम्रपालीला. तो मोटारींना लावावा, माणसांना लावला तर एकदाच लावावा. मानता यावं म्हणूनच तपासायचं, हे सरांचे दुसऱ्या परीक्षेतले वाक्य समजायला मला अठ्ठावन्न वर्षे लागली. सर, माफ करा.

हा मजकूर मी सांगितला आणि कपिलने टाइप केला. कलम ६ सुद्धा त्यानेच टाइप केले. एकदाच थांबला आणि म्हणाला, "लोंबकळलीस? ह्या वयात?" वकिलांनी हरकत घेतली की, ज्याला घर मिळणार त्याच्याच हातून टाइप करून घेतले, तर कोर्ट संशय घेईल. मी म्हणाले, घेऊ द्या, माझा संपला.

ठिकाण : कडेगाव
तारीख : १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार :
१. बिराप्पा खरात, दुकानासमोर चहाचा गाडा (पूर्ण वाचून सही केली)
२. मनुबाई सोनवणे, शेजारीण (दोनदा वाचायला लावले, मग सही केली)

लिहून देणार (पुढील ओळी हाताने) :
इथे "वाचून पाहिले, बरोबर आहे" असे लिहायची पद्धत आहे. कपिलने टाइप केलेले मी वाचून पाहिलेले नाही. बरोबर आहे.

(सही) अंजना आबा बनसोडे